मोकळी लाल वायर

आमच्या साहेबांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बसून बोललेलं साहेबांना ऐकू येई, आणि डाव्या हाताच्या खुर्चीवर बसून बोललेलं कपाटाला. साहेबांचा डावा कान ठार बंद होता. कचेरीत हे सगळ्यांना माहीत होतं, बाहेरून येणाऱ्यांना नव्हतं. कोणाला कुठे बसवायचं, ते शिपाई माणसाचा चेहरा बघून ठरवी. एकदा एक माजी नगरसेवक डाव्या खुर्चीवर बसून पाऊण तास बोलले. साहेब अधूनमधून मान हलवत सह्या करत होते. जाताना नगरसेवक मला म्हणाले, "अहो, इतकी वर्षं इथे येतोय, पण मधे न तोडता ऐकून घेणारा अधिकारी पहिल्यांदा भेटला."

त्या डाव्या खुर्चीच्या पाठीवर साहेबांनी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी डकवली होती : 'ही खुर्ची बसण्यासाठी आहे.' बोलण्यासाठी कोणती, ते लिहिलं नव्हतं. ज्याला कळायचं त्याला कळे, आणि ज्याला कळे तो उभ्याने बोले.

कान कशाने गेला याच्या शाखेत तीन कथा होत्या. लहानपणी मास्तरांनी दिलेली चपराक, मिरवणुकीतला ताशा, आणि तरुणपणी थिएटरं तपासताना पडद्यामागच्या स्पीकरला टेकून काढलेली झोप. मी एकदा धीर करून त्यांनाच विचारलं. "बाई, सरकारी नोकरीला एक कान पुरतो," साहेब म्हणाले. "दुसरा असला की माणूस दोन्ही बाजू ऐकत बसतो आणि निकाल लांबतो."

असा हा माणूस केबल कंपन्यांना स्टिरिओ आवाजाची शिस्त लावायला निघाला होता. हसायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आम्ही तर पोट धरून हसायचो.

आमची शाखा करमणुकीवरच्या कराची. नाव ऐकून लोकांना वाटे, काय मजा असेल! मजा एवढीच, की सर्कस आली तर पहिल्या रांगेत बसून प्रेक्षक मोजायचे. हत्तीकडे बघायला सवड नाही. पुढे घरोघर केबल आली आणि आम्ही प्रेक्षकांऐवजी घरं मोजू लागलो. केबलवाल्याने किती घरांत वायर टाकली आणि कागदावर किती दाखवली, एवढं बघायचं आणि परत यायचं. टीव्हीतून आवाज कसा येतो याच्याशी आमचा काडीचा संबंध नव्हता. निदान बाकी सगळ्यांचं मत तसं होतं.

साहेबांना मात्र कुठल्याशा नियमावलीत एक कलम सापडलं होतं. ज्या वाहिन्यांसाठी लोक वेगळे पैसे मोजतात, ती पे चॅनल कंपनीला जशी मिळतात तशीच, काही कमी न करता, घरापर्यंत गेली पाहिजेत, असा त्याचा अर्थ. मसुदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा पडद्यावरचं चित्रच असणार. साहेबांनी त्यात आवाज बसवला. "काही कमी न करता म्हणजे काही कमी न करता," ते म्हणत. "त्यात कान आले."

कमी काय होत होतं, ते मला धायरीत कळलं. धायरी तेव्हा निम्मी गाव होती आणि निम्मी शहर. साहेबांचा फ्लॅट तिथेच होता आणि त्या सगळ्या भागात केबल एकाच मालकाची. मालक मूळचे गावातले, जमिनीवाले. गोठ्यातली जनावरं काढून त्यांनी तिथे कंट्रोल रूम थाटली होती. छपरावर तीन डिश आणि आत गव्हाणीवर ओळीने ठेवलेले डबे. डब्यांची देखभाल सलीमभाईंकडे. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या घड्याळदुरुस्ती, त्यामुळे बारीक कामाला हात फार चांगला. साहेब गुडघे टेकून डब्यांच्या मागे डोकावले आणि एक लाल वायर दोन बोटांत धरून त्यांनी बाहेर ओढली, मेलेली पाल शेपटीने उचलावी तशी.

"ही कुठली?"

"उजव्या बाजूच्या आवाजाची," सलीमभाई म्हणाले. "पांढरी डाव्या बाजूची. वरून दोन्ही येतात. पण साहेब, घरांकडे पाठवायच्या डब्याला भोक एकच आहे. दोन वायरी कुठे खुपसू? म्हणून पांढरी लावली, लाल सोडली."

"म्हणजे उजवीकडे जे वाजतं ते?"

"ते इथेच राहतं."

"इथेच म्हणजे कुठे?"

सलीमभाईंनी गोठ्यात चौफेर नजर टाकली, जणू एखाद्या कोपऱ्यात त्याचा ढीग पडलेला असावा. "इथेच," ते पुन्हा म्हणाले.

मालक दारात उभे होते. "आवो सायेब, लोकांला आवाज येतोय न्हवं? मग झालं की! आजपातूर एक बी तक्रार न्हाय."

"तक्रार येईल कशी?" साहेब म्हणाले. "ताटात अर्धी पोळी वाढली तर पोट सांगतं. अर्धा आवाज वाढला तर कोण सांगणार?"

तेव्हापासून साहेबांच्या शबनममध्ये जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला हेडफोन आला. तपासणीची त्यांची रीत ठरलेली. घरांकडे काय चाललंय ते दाखवणारा एक टीव्ही कंट्रोल रूममध्ये असतोच, त्याला हेडफोन लावायचा. त्याची एक वाटी साहेब आपल्या उजव्या कानाला लावत, ऐकत, मग हेडफोन उलटा करून दुसरी वाटी त्याच कानाला लावत. दोन्हीकडे एकच ऐकू आलं की आवाज एकेरी. जगात एका कानाने स्टिरिओ तपासणारा दुसरा अधिकारी झाला असेल असं मला वाटत नाही.

पण त्यांच्या एकट्याच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून मी. मी त्या शाखेत कारकून, बिबवेवाडीहून बसने येणारी, दोन्ही कान शाबूत असलेली. मी हेडफोन सरळ घालायचा आणि गाणं डोक्याच्या मधोमध वाजतंय की दोन बाजूंनी येतंय, ते सांगायचं. मग साहेब पंचनाम्यात लिहीत, 'दोन्ही कानांनी प्रत्यक्ष ऐकले', आणि खाली माझी सही. "बाई, तुम्ही या शाखेचा डावा कान आहात," ते मला सगळ्यांदेखत म्हणत. हे पद सेवापुस्तकात नोंदवायची सोय नव्हती, पण खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटे.

साहेबांनी मालकांना पहिली नोटीस काढली : पे चॅनलचा आवाज अपुरा का, याचा खुलासा करावा. आठ दिवसांत उत्तर आलं, 'आवाज वाढवून देत आहोत.' आणि खरंच वाढवला. त्या आठवड्यात धायरीतल्या बातम्या खडकवासल्याला धरणावर बसून ऐकता येत होत्या, असं साहेब सांगत.

दुसऱ्या नोटिशीला उत्तर आलं नाही. तिसऱ्या नोटिशीनंतर मालकांनी हुकूम पाळला, पण असा पाळला की काढणाऱ्याने पुन्हा हुकूम काढू नये. "समद्या लाल वायरी जोडून टाका," त्यांनी सलीमभाईंना फर्मावलं. भोक तर एकच. सलीमभाईंनी प्रत्येक पांढरी आणि लाल वायर एकत्र पिळून त्या एकाच भोकात बसवली. गाण्यांच्या चॅनलवर हरवलेली वाद्यं परत आली, ते छानच झालं. पण जंगली प्राण्यांचं एक पे चॅनल होतं. ते पांढऱ्या वायरीतून हिंदी पाठवी आणि लालमधून तमिळ, ज्याला जी भाषा हवी त्याने ती घ्यावी म्हणून. धायरीत आता दोन्ही एकदम सुरू झाल्या. वाघ हिंदीत दबा धरी आणि तमिळमध्ये झडप घाली. हरणाला कळायच्या आत सगळं आटपे.

लोकांनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी मालक वीस-पंचवीस गिऱ्हाइकं घेऊन कचेरीत हजर. "तुमच्याच सायबांचा हुकूम हाय," ते शिपायाला, मला, पाण्याच्या माठालाही सांगत होते. एक म्हातारबुवा काकुळतीने म्हणाले, "बाई, आमची नात दोन दिस झालं घरात कायबाय बोलतीया. तिच्या आईला बी समजंना."

दुसरा कोणी असता तर त्याने कागदावर कागद रचले असते. साहेब उठले, मोपेड काढली, मला फाइल घेऊन मागे बसवलं आणि धायरी गाठली. दुपारपर्यंत ते सलीमभाईंबरोबर गव्हाणीमागे बसले होते. प्रत्येक वायरीला दोऱ्याने एकेक चिठ्ठी बांधली : 'जोडावी', 'जोडू नये', 'विचारून जोडावी'. शेवटी गुडघ्यांवरची धूळ झटकत मालकांना म्हणाले, "चूक माझी. दोन भाषांचा विचार मी केला नव्हता."

सरकारी अधिकारी चूक माझी म्हणतो, हे मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असावं. ते इतके गोंधळले की त्यांनी चहा सांगितला. पण चहा संपताच साहेबांनी पुढचा मुद्दा काढला. दोन वायरी एकत्र पिळणं हा उपाय नव्हे. "गाणं पूर्ण आलं हे खरं, पण सगळ्या वाजवणाऱ्यांना एकमेकांच्या मांडीवर बसवून आलं. दोन भोकांचा डबा आणा." मालकांनी कप खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. पुढे आठवडाभरात वैतागून त्यांनी सगळ्या लाल वायरी पुन्हा उपसून टाकल्या. चिठ्ठ्या मात्र तशाच लोंबत ठेवल्या.

आता माझ्या पराक्रमाकडे यायला हवं. तो सांगताना अजूनही माझी जीभ अडखळते, पण तो टाळून साहेब पुरे सांगता येणार नाहीत.

संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. लाल वायरी पुन्हा निघाल्याचं कळल्यावर आम्ही तपासणीला धायरीत गेलो. साहेब तडक गोठ्यात शिरले. मी मागून जाणार, तेवढ्यात मालकीणबाईंनी अंगणातच माझी वाट अडवली. "आवो बाई, दारातनं तशाच जाताय व्हय? घरात हळदीकुंकू हाय."

कुंकवाला नाही म्हणू नये, हे आम्हाला जन्मापासून शिकवलेलं. आणि खरं म्हणजे मला नाही म्हणायचंही नव्हतं. आत पंधरा-वीस बायका, ताटात तिळगूळ, बोरं, उसाची करवं. कपाळाला कुंकू, हाताला अत्तर, मग उखाण्याचा आग्रह. कचेरीतली बाई म्हटल्यावर त्यांना माझ्याकडून मोठा उखाणा हवा होता. मी चार ओळींचा घेतला, तर तो पुन्हा घ्यायला लावला. वाण म्हणून चहाची स्टीलची गाळणी दिली. ती अजून माझ्या घरी आहे.

मी गोठ्यात परतले तेव्हा पंचनामा लिहून तयार होता. "लाल वायर मोकळी आहे, आवाज एकेरी आहे," साहेब म्हणाले. "ऐकून घ्या आणि सही करा." आणि ते डिश बघायला बाहेर गेले. हेडफोन समोरच पडला होता. माझ्या एका हातात गाळणी, दुसऱ्या हाताला उसाचा रस, तोंडात तिळाचा लाडू. मनात म्हटलं, साहेबांनी ऐकलंय, वायर तर डोळ्यांना दिसतेय, आणखी काय ऐकायचं? 'दोन्ही कानांनी प्रत्यक्ष ऐकले' याच्या खाली मी सही ठोकून दिली. मालक दाराशी उभे होते. त्यांनी पाहिलं आणि ते मिशीत हसले.

महिन्याभराने त्यांनी वर अर्ज केला. या अधिकाऱ्याला आवाज तपासायचा अधिकार नाही, तो आम्हाला विनाकारण त्रास देतो, त्याच्या घरी कनेक्शन आमचंच आहे, आणि मुख्य म्हणजे त्याला ऐकू येत नाही. मोठ्या साहेबांनी सुनावणी लावली. आमच्या साहेबांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. आरोप टिकला असता तर खात्याची चौकशी लागली असती, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत ज्या माणसावर एक ठपका नव्हता, तो ठपका घेऊनच घरी गेला असता. शाखेतलं हसणं बंद झालं. माझं तर सर्वांत आधी.

मोठे साहेब वयाने तरुण होते, बोलायला अदबशीर. टेबलाच्या एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला आमचे साहेब आणि त्यांच्या डाव्या हाताला मी.

"आपल्याला डाव्या कानाने खरंच ऐकू येत नाही?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"मग दोन बाजूंच्या आवाजाचं आपल्याला एवढं काय?"

साहेबांनी आधी समोरची फाइल मिटून बाजूला ठेवली. एरवी त्यांचं उत्तर प्रश्न संपायच्या आधी तयार असे.

"एक जुनं गाणं आहे, साहेब. दोन कडव्यांच्या मधे सतार आहे. कॉलेजात असल्यापासून ऐकतोय मी ते. दोन वर्षांपूर्वी टीव्हीवर लागलं आणि सतार वाजलीच नाही. बाई गायल्या, थांबल्या, मधे नुसती शांतता, मग पुन्हा गायल्या. मला वाटलं, गेला. होता तो कानही गेला. घरात बोललो नाही, मंडळी घाबरली असती. तीन महिने मी सकाळी उठलो की आधी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघायचो. मग एकदाचा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, कान ठणठणीत आहे, टीव्ही दाखवा कोणाला तरी."

मोठ्या साहेबांनी पेनाला टोपण लावून ते खाली ठेवलं.

"वायर यांची मोकळी होती," साहेब म्हणाले, "आणि मी तीन महिने स्वतःचा कान तपासत होतो. असे आणखी किती जण असतील? त्यांची तक्रार कुठून येणार? ते बिचारे आपल्यालाच दोष देत बसलेत."

इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काम करून मला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांच्या हेडफोनला हसत होतो. मला माझीच लाज वाटली, आणि संक्रांतीचा तो पंचनामा आठवला.

मोठे साहेब जरा नरमले. "ठीक आहे. पण एका कानाच्या आधारावर पंचनामे टिकणार नाहीत. दुसरी सही कोणाची?"

"माझी," मी म्हटलं.

मालक याचीच वाट बघत होते. "मंग बाईस्नी ईचारा की, संक्रांतीच्या पंचनाम्याला त्या कुठं हुत्या."

मोठे साहेब माझ्याकडे वळले. "बाई, आपण स्वतः ऐकलं होतं?"

"हो," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. वायर मोकळी होती, आवाज एकेरी होता, सगळं खरं होतं. खोटी होते ती फक्त मी.

"हेडफोनला हात बी लावला न्हाई त्यांनी," मालक म्हणाले. "आमच्या घरात हळदीकुंकवाला बसल्या हुत्या. आल्या, सई केली, गेल्या."

माझा 'हो' डाव्या बाजूला गेला होता, आणि मालक बोलले ते तोंड मोठ्या साहेबांकडे करून. आमच्या साहेबांपर्यंत धड काहीच पोचलं नव्हतं. पण सगळे माझ्याकडे का बघतायत ते त्यांना समजेना. ते खुर्चीतल्या खुर्चीत पूर्ण वळले, चांगला कान माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "काय म्हणतायत हे?"

त्या कानात खोटं बोलणं मला जमलं नाही. "साहेब, मी त्या दिवशी ऐकलं नव्हतं. नुसती सही केली."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मोठ्या साहेबांना म्हणाले, "हा पंचनामा बाद करा. साक्षीदाराने ऐकलेलं नाही."

"आणि बाकीचे?"

"एक सही न ऐकता झालीय. बाकीच्यांची हमी मी कशी देऊ? सगळेच बाद करा."

"बाकीचे मी ऐकले होते हो, साहेब!" असं मला ओरडावंसं वाटलं. पण आता माझ्या सांगण्याला किंमत काय उरली होती? मोठ्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. पंचनाम्यांना आधार नाही असं एकदा लिहिलं गेलं असतं, की पुढची चौकशी आपोआप आली असती. हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं, आमच्या साहेबांना तर नक्कीच. ते ताठ बसून होते.

"वाईच थांबा, सायेब," मालक म्हणाले.

मोठ्या साहेबांनी वर पाहिलं.

"वायर मोकळीच हुती. म्या सवता उपसल्याली. बाकीच्या टायमाला बी मोकळीच हुती. ह्यांनी ल्हिवलंय त्यातलं काय बी खोटं न्हाय."

"मग तक्रार कशासाठी केलीत?"

"तरास व्हतोय म्हून केली. तरास तर हायेच." मालकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पर ह्या बाई आमच्या घरी कुंकू घ्याया आल्या, आन त्येच्यापायी हितं खोट्या पडल्या. आन ह्यो मानूस सवताच्या हातानं समदं बाद कर म्हनतोय. आसं जिकून घरी गेलो तर आमची मंडळी मला जेवाया वाढायची न्हाय."

मोठ्या साहेबांनी अर्ज निकाली काढला. चौकशी झाली नाही. फक्त खाली एक शेरा आला, की शाखेने यापुढे घरं मोजावीत, आवाजात पडू नये. म्हणजे साहेब वाचले आणि साहेबांची लढाई बुडाली.

मी व्हरांड्यात थांबले होते. ते आले तेव्हा मी काहीतरी बोलायला लागले, माफीचंच, पण धड वाक्य होईना.

"उखाणा तरी नीट घेतलात ना?" साहेब म्हणाले आणि जिना उतरून गेले.

नंतरच्या चार महिन्यांत ते माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत. फायली मागत, टोमणे मारत. फक्त शाखेचा डावा कान म्हणून त्यांनी मला पुन्हा हाक मारली नाही. मेमो मिळाला असता तरी इतकं लागलं नसतं. निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि चार भाषणं झाली. वक्त्यांच्या खुर्च्या साहेबांनी आधीच स्वतः उचलून आपल्या डावीकडे मांडल्या होत्या. सगळे म्हणाले, स्तुती ऐकताना माणूस किती निर्विकार!

पुढे चार-सहा महिन्यांनी सलीमभाई कचेरीत आले. "साहेबांनी बोलावलंय. रविवारी सकाळी, घरी."

मी गेले. वहिनींनी दार उघडलं. बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या दोन्ही अंगांना दोन स्पीकर, समोर एक स्टूल, आणि साहेब शिंप्याच्या टेपने स्टुलापासून दोन्ही स्पीकरचं अंतर मोजत होते. सलीमभाईंनी मला दारातच सगळं सांगितलं. मालकांनी दोन भोकांचा डबा आणला होता. एकाच चॅनलपुरता, गाण्याच्या. हुकूम नाही, नोटीस नाही, कोणी मागितलाही नव्हता. "एकदाचा त्येंचा जीव शांत करा," एवढंच म्हणाले होते. त्या सकाळपासून सगळ्या धायरीला ते एक चॅनल दोन्ही बाजूंनी जात होतं, आणि मालक सोडले तर त्याचा पत्ता या खोलीबाहेर कोणालाही नव्हता.

"बसा," साहेब म्हणाले. "मान हलवू नका. काय कुठून येतंय ते सांगा."

एक मैफल लागली होती. मी ऐकलं. "पेटी डावीकडे. तबला उजवीकडे. गाणारे मधोमध."

"तानपुरे?"

"दोन आहेत. गाणाऱ्यांच्या मागे, एक इकडे, एक तिकडे."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते, परीक्षेचा निकाल ऐकावा तसे. आणि मग माझ्या लक्षात आलं. दोन वायरी पिळलेल्या असोत की वेगळ्या, स्पीकरसमोर बसलेल्या एका कानाला सगळं सारखंच.

"साहेब, तुम्हाला काय ऐकू येतंय?"

"सगळं. पण एकाच जागेवरून." ते अगदी सहज म्हणाले. "ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे. हे काही माझ्यासाठी नव्हतंच. हेडफोन उलटसुलट करून दोन बाजू वेगळ्या झाल्यात एवढंच कळतं, पण कोण कुठे बसलंय ते कोणीतरी सांगायला हवं ना."

"मग मला कशाला बोलावलंत? वहिनी आहेत, सलीमभाई आहेत."

"ही मला बरं वाटावं म्हणून सगळं छान आहे म्हणेल. सलीमभाईंनी डबा स्वतः बसवलाय, ते तर म्हणणारच. तुम्ही एकदा न ऐकता सांगून बसलायत. आता जपून ऐकाल."

वहिनींनी पाण्याचं भांडं पुढे केलं, ते मी नुसतंच हातात धरून बसले.

तेवढ्यात मैफलीत कोणीतरी खोकलं. साहेबांनी बोट वर केलं. "हे कुठे?"

"डावीकडे," मी म्हटलं. "पेटीच्या पलीकडे, लांब. श्रोत्यांत असेल कोणीतरी."

साहेबांनी अख्खी मान डावीकडे वळवली. तिकडे वहिनींचं शिवणाचं मशीन होतं, त्यावर घड्या घातलेले कपडे. त्या कपड्यांकडे ते बराच वेळ बघत राहिले, तिथे खरंच कोणी येऊन बसल्यासारखे. मग शबनम पुढे ओढली आणि त्यातून एक कोरा कागद काढला.

"लिहा," म्हणाले.

मी सगळं लिहिलं. पेटी, तबला, दोन तानपुरे, डावीकडचा खोकला. 'दोन्ही कानांनी प्रत्यक्ष ऐकले' हेही लिहिलं. सहीसाठी साहेबांनी आपलं पेन पुढे केलं. मी त्यांना म्हटलं, जरा थांबा, आणि डोळे मिटून पुन्हा एकदा ऐकलं.